घोडपदेव नाक्यावरचा फळा

उद्या दुपारी दोन ते रात्री दहा पाणी नाही.
हे सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत,
बाकीचं कुणी वाचलं नाही तरी चालतं.
त्याखाली धूरफवारणी, शुक्रवारी, अन्न झाकून ठेवा.
आधार दुरुस्ती म्युनिसिपल शाळेत, तळमजला,
वीजबिल सोबत आणा, झेरॉक्स तिथे मिळणार नाही.
बी निगेटिव्ह रक्त हवं आहे, तातडीने, खाली नंबर.
हिरवा राघू उडाला आहे, 'कोण आहे' असं विचारतो,
सापडल्यास फिलोमिना डिमेलो, बेकरीच्या वर.
आणि तळाला, चौकट आखून, मयत.

सात वर्षं झाली, फळा माझ्याकडे आहे.
आधी पेडणेकर लिहायचे, दुकानांच्या पाट्या रंगवणारे.
हात कापायला लागला तेव्हा
खडूचा डबा वाचनालयाच्या टेबलावर ठेवून म्हणाले,
शुद्धलेखन सांभाळशीलच तू,
पण मयताचं नाव दोन माणसांना विचारायचं.
त्या मंगळवारी मी एकालाच विचारलं.

पोरगा सायकलवर, तोंडात मावा,
एक पाय फूटपाथला टेकलेला.
लक्ष्मी बिल्डिंग. यशवंत तां…
पुढचं थुंकायच्या घाईत गेलं.
ते मी मनानेच भरलं.

पावणेनवाला यशवंत तांडेल
दुधाची पिशवी घेऊन फळ्यासमोर उभे.
आधी पाण्याचं वाचलं.
मग सावकाश खाली उतरले,
चष्मा कपाळावर नेला, परत नाकावर आणला.
मी ओलं फडकं घेऊन धावले.
म्हणाले, थांब गं. पाचपर्यंत राहू दे.
बघू तरी.

मग वाचनालयातच बसले, खिडकीच्या आत,
पेपर उलटा धरलाय हेही त्यांना कळेना.
गॅसवाला थांबला, डायरीत काहीतरी खोडलं.
ससाणे टेलर थांबले. मोठ्याने म्हणाले,
आता ह्या पँटचं काय करू?
दोघीजणी पेन्शन कुणाला लागेल यावर भांडत गेल्या.
आणि चुलतभाऊ बबन,
सोसायटीच्या निवडणुकीपासून अबोला,
तो बराच वेळ उभा राहिला.
खिशातून पेन काढलं, तळहातावर काही उतरवलं.
काय लिहिलं त्याने? तांडेलांनी विचारलं.
रक्ताचा नंबर, मी म्हटलं.
ते काहीच बोलले नाहीत.

बाराच्या सुमारास पोलीस चौकीतून फोन.
गेलेला यशवंत तांबे,
गोदामावरचा रात्रपाळीचा वॉचमन,
लक्ष्मी बिल्डिंगच्या जिन्याखाली झोपायचा.
गावाकडचा पत्ता कुणाकडे नाही.
मी दोन अक्षरं पुसली, एक लिहिलं.
चौकट तीच राहिली, वेळही तीच.

त्यानंतर फळ्यापाशी फारसं कुणी थांबलं नाही.

पाचाला चौघं लागतात. तिघंच जमले:
सायकलवाला पोरगा, गोदामाचा मुकादम, बेकरीतला अन्वर.
यशवंत तांडेल उठले.
दूध केव्हाच नासलं होतं,
पिशवी माझ्या टेबलावर तशीच ठेवली,
पँट दुमडून घोट्याच्या वर घेतली.
गुडघे दुखतात तुमचे, मी म्हटलं.
म्हणाले, नावाला तरी कुणी पाहिजे.

बुधवारी सकाळी सगळा फळा धुतला.
पाणी साडेनवालाच आलं होतं म्हणून शिव्या खाल्ल्या.
रक्त मिळालं, ती ओळ गेली. कुणी दिलं, विचारलं नाही.
आधारची गर्दी बघून तारीख पुढे ढकललीय.
ससाण्यांकडून पँट कुणीतरी नेली, पैसे पूर्ण देऊन.
चौकट आज रिकामी आहे, तीही पुसली.

राघूची ओळ मात्र ठेवली आहे.
अक्षरं फिकट झाली की पुन्हा गिरवते.
'कोण आहे' असं विचारतो.